भोंग्यातून आलेली हाक

बहिणींचे आवाज मिळतेजुळते असतात, त्यात नवल नाही. पण आमच्या समोरच्या घरातल्या दोघींचं प्रकरण वेगळं होतं. जिन्यात कोणी नुसतं खोकलं तरी थोरली खोकली की धाकटी, ते सांगता यायचं नाही. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, समोर एकच बाई राहते आणि ती खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर सारखी ये-जा करत स्वतःशीच भांडते. खालून आवाज यायचा, "दूध उतू गेलं वाटतं." लगेच वरून तोच आवाज, "कोण आहे दारात?" मी सासऱ्यांना विचारलं तर ते मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "दोघी आहेत. सवय होईल."

सासरे शिंपी. आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथून समोरचं घर आरशात बघावं तसं दिसायचं. खाली थोरली एकटी, वर धाकटी आणि तिचा नवरा. घर त्यांच्या वडिलांचं. पूर्वी आतून जिना होता. मी आले तेव्हा त्या जिन्याचं खालचं दार खिळे मारून बंद केलेलं होतं, आणि खिळे दिसू नयेत म्हणून थोरलीने त्याला लोखंडी कपाट लावलं होतं. वर जायला बाहेरून नवा जिना केला होता. दोघी बहिणी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या.

हे सगळं मला थोरलीने पुढे स्वतः सांगितलं. त्यांची आई लवकर गेली. धाकटी तेव्हा मांडीवरची. थोरली स्वतःच लहान, पण तिला कडेवर घेऊन फिरायची, तिला भरवायची, तिच्या वेण्या घालायची. धाकटी सगळं समजायची, पण बोलत नव्हती. बरोबरीची मुलं पाढे म्हणायला लागली तरी हिच्या तोंडून शब्द नाही. वडिलांनी डॉक्टर केले, काही उपयोग झाला नाही. मग एका दुपारी थोरली भांडी घासत होती, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि पलीकडच्या खोलीतून तिला हाक आली. "तातू." ताईचं तातू.

"माझ्याच आवाजात आली गं," थोरली मला म्हणाली. "मला वाटलं मीच मला हाक मारतेय. हातातलं पातेलं पडलं. जाऊन बघते तर ही पलंगावर बसून माझ्याकडे बघतेय. लहान पोरीचा आवाज नव्हताच तो."

धाकटी त्यानंतर घडाघडा बोलायला लागली, आणि जे बोलायची ते थोरलीच्या गळ्यातून काढल्यासारखं. थोरलीचा घसा बसला की दुसऱ्या दिवशी धाकटीचाही बसायचा. एका घरात राहतात, सर्दी लागत असेल, असं वडील म्हणायचे.

मोठी झाल्यावर थोरलीला बस स्टँडवर नोकरी लागली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, किती उशिरा सुटणार, ते माईकवर सांगायचं. गावातला निम्मा कारभार तिच्या आवाजावर चालायचा. लग्न केलं नाही तिने. आणि मग तिला छत्रीवाले भेटले. पक्षाचं चिन्ह छत्री, म्हणून सगळे त्यांना छत्रीवालेच म्हणायचे. प्रचाराच्या गाडीवर बोलायला त्यांना बाईचा खणखणीत आवाज हवा होता. थोरली त्यात अशी रमली की विचारू नका. स्टँडवर ती काचेच्या खोलीत बसायची, तिला कोणी बघत नव्हतं. इथे लोक गाडीमागे चालायचे, नमस्कार करायचे, "ताई, तुमच्यामुळे सीट आली" म्हणायचे. पक्षाविरुद्ध कोणी ब्र काढला तर ती त्याच्या हातचं पाणी प्यायची नाही.

धाकटीचा नवरा शिडीवाला. त्यांचं चिन्ह शिडी. लग्न झालं तेव्हा त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण एका निवडणुकीत त्याने बायकोला शिडीच्या गाडीवर चढवलं. तिचाही आवाज तोच, मग कशाला सोडेल? भर चौकात दोन गाड्या समोरासमोर आल्या. इकडून आवाज, "छत्रीलाच मत द्या." तिकडून तोच आवाज, "शिडीलाच मत द्या." अख्खा चौक हसून हसून लोळला. एक म्हातारेबुवा हात जोडून म्हणाले, "बाई, एकदा काय ते ठरवा."

थोरली हसली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाली, "माझा आवाज चोरलास तू."

"तूच दिलास की," धाकटी म्हणाली. "आता परत मागतेस?"

त्या संध्याकाळी दाराला खिळे बसले.

मग कितीतरी निवडणुका आल्या आणि गेल्या. आमच्याकडे दोन्ही पक्षांचे झेंडे शिवायला यायचे. एकच मशीन, एकच दोरा. सासरे म्हणायचे, "मला काय, मी छत्रीला काठी घालतो आणि शिडीला पायऱ्या." पण समोरच्या घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. धाकटी वर घोषणांची तालीम करायची, ती थोरलीला छतातून ऐकू यायची. "स्वतःचाच आवाज डोक्यावरून आपल्याला शिव्या घालतोय असं वाटायचं," ती सांगायची. "कधी कधी मी आरशासमोर उभी राहून तोंड घट्ट मिटून बघायची. ओठ हलत नाहीत ना, याची खात्री करायला."

आता त्या दिवसाचं सांगते.

प्रचाराचा शेवटचा दिवस होता. छत्रीवाल्यांची सभा बाजाराच्या मैदानावर, शिडीवाल्यांची पुलापलीकडे, दोन्ही एकाच वेळी. सकाळीच शिडीची पोरं आली आणि समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यांच्या उमेदवाराचा भलामोठा कापडी बॅनर ताणून बांधून गेली. सगळ्या खिडक्या त्याच्या चेहऱ्यामागे गेल्या. एका डोळ्यामागे स्वयंपाकघर, दुसऱ्यामागे झोपायची खोली. वारा आला की तो चेहरा श्वास घेतल्यासारखा फुगायचा आणि बसायचा. मला दिवस गेले होते, आधीच मळमळत होतं, मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

थोरली मैदानावर निघायच्या तयारीत होती. केस विंचरत असताना तिला वर काहीतरी पडल्याचा आवाज आला. जड. मग घासत गेल्यासारखं काहीतरी. "आपटू दे," असं म्हणून ती बाहेर पडली. थोड्या वेळाने धाकटीचा नवराही गेला. तो सकाळपासून खालीच, गाडी सजवत होता. वर हाक मारली, उत्तर आलं नाही. आदल्या दिवसापासून तिचं डोकं दुखत होतं, झोपली असेल म्हणून त्याने बाहेरच्या जिन्याच्या जाळीला कुलूप लावलं आणि मिरवणुकीबरोबर गेला. तिच्याकडे दुसरी किल्ली होतीच.

दुपार झाली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं बंद, सगळे कुठल्या ना कुठल्या सभेला. खांबाखांबावर भोंगे टांगलेले, काही छत्रीचे, काही शिडीचे, सगळे गप्प. सासऱ्यांच्या मशीनचा आवाज तेवढा.

तिकडे मैदानावर थोरली स्टेजच्या कडेला माईक घेऊन उभी होती. साहेब यायचे होते, तोवर गर्दी धरून ठेवायची होती. बोलून बोलून घसा कोरडा पडला म्हणून तिने माईक स्टँडला अडकवला आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तेवढ्यात मैदानावरच्या सगळ्या भोंग्यांतून आवाज आला.

"तातू."

पक्षाचे चिटणीस शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "काय म्हणालात ताई?"

थोरलीच्या तोंडात पाणी होतं. तिने मान हलवली.

"तातू, दार उघड. अंधार झालाय."

रणरणतं ऊन होतं. समोर बसलेले लोक आधी हसले, कारण आवाज थोरलीचा आणि थोरली तर ग्लास धरून उभी. मग हसणं एकदम विरलं. भोंग्यांतून श्वास ऐकू यायला लागला. मोठा, ओढून घेतलेला, आणि सोडताना घरघर. एखादं माणूस कानाशी तोंड लावून झोपलंय तसा. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मुलाचे कान झाकले.

माईकवाला धावत आला, "मी मशीन बंद करतो." त्याने बटण दाबलं. मशीनचा लाल दिवा विझला. श्वास चालूच. त्याने वायर उपटली आणि हातात धरून तो तसाच उभा राहिला.

"शिडीवाल्यांची करामत आहे ही," चिटणीस दातओठ खात म्हणाले. "धाकटीला बसवलंय कुठेतरी. आपल्या वायरीत घुसलेत. ए, लाव रे तो माईक परत. ताई, तुम्ही बोला. त्या बाईचा आमच्याशी काही संबंध नाही म्हणून सांगा. तोतया आहे म्हणा. साहेब येतायत, लवकर!"

माईक परत जोडला. थोरलीने तो हातात घेतला. पुढचं तिने मला अनेकदा सांगितलं, आणि दर वेळी इथे आली की ती थांबते. "मी बोलायला तोंड उघडलं," ती म्हणते, "आणि घरघर थांबली. ती ऐकत होती. मी काय म्हणते ते ती ऐकत होती."

थोरली माईकवर एवढंच म्हणाली, "ती माझी बहीण आहे. मी घरी चाललेय."

चिटणिसांनी तिचा दंड धरला. "ताई, साहेब आलेत फाट्यावर. आत्ता स्टेज सोडलंत तर परत चढायला मिळणार नाही."

"सोडा," ती म्हणाली.

मैदानापासून आमच्या गल्लीपर्यंत रस्ता बाजारातून येतो. दुकानं बंद होती. ती झपाझप चालत होती, आणि ज्या खांबाखालून जाईल त्या खांबावरचा भोंगा घरघरायचा. ती पुढे गेली की तो गप्प, पुढचा सुरू. छत्रीचा असो की शिडीचा. एका वळणावर कुत्री वर बघत उभी होती, भुंकत नव्हती. थोरलीला पळायचं होतं, पण पळालं तर श्वास तुटेल असं तिला वाटत होतं, का ते तिलाही सांगता आलं नाही.

हे तिचं सांगणं. मी जे पाहिलं ते असं, की आमच्या दुकानासमोरचा भोंगा दुपारभर मुका होता तो अचानक श्वास घ्यायला लागला. सासऱ्यांचा पाय मशीनवर थांबला. आम्ही दोघं दाराशी आलो तर गल्लीच्या तोंडाशी थोरली. तिच्या पदराचं टोक जमिनीवरून फरफटत येत होतं. ती भोंग्याखालून आली, आणि भोंगा बंद पडला.

"हातोडी आणा," ती सासऱ्यांना म्हणाली.

जाळीला कुलूप होतं. ती तिकडे फिरकलीही नाही. सरळ आपल्या खोलीत शिरली आणि त्या लोखंडी कपाटाला खांदा लावला. मी पुढे झाले तर माझ्यावर ओरडली, "तू पोटुशी आहेस, लांब हो!" सासरे आणि तिने मिळून कपाट ओढलं. फरशीवर ओरखडे उठले. मागे दार. कित्येक वर्षांचं जळमट, आणि चौकटीत ठोकलेले गंजके खिळे. सासरे एकेक उपटत होते, आणि थोरली दाराला तोंड लावून बोलत होती. "आले गं. मी आले. उघडते." पलीकडून काहीही आवाज नव्हता.

दार आमच्या बाजूला उघडलं, आणि धाकटीचा हात आमच्या पायाशी पडला.

ती जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर पडली होती, दाराला टेकून. आत काळोख, कारण वरच्या खिडक्यांवर तो बॅनर. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात कापडासारखा लोंबत होता. डोळे उघडे होते आणि थोरलीवर खिळलेले. थोरलीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. "बोल," ती म्हणाली. "बोल ना, आत्ता बोलत होतीस की." धाकटीच्या घशातून घरघर आली. तीच, जी मी भोंग्यातून ऐकली होती. शब्द एकही नाही.

मग थोरली उठली, सुरी घेऊन वर धावली आणि खिडकीतून तो बॅनर आतून उभा फाडला. उजेड जिन्यात आला तेव्हा कुठे सासऱ्यांना धाकटीला धड उचलता आलं. बाहेरून पाहिलं तर उमेदवाराच्या चेहऱ्याची कपाळापासून हनुवटीपर्यंत दोन फाळकी लोंबत होती आणि मधून थोरलीचा हात दिसत होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूला झटका आलाय, आणि तो सकाळीच आलेला दिसतोय.

"पण तिने हाक मारली," थोरली म्हणाली. "दुपारी. मैदानावर सगळ्यांनी ऐकली."

"बोलण्याची जागाच गेलीय त्यांची," डॉक्टर म्हणाले. "पडल्यापासून एक शब्दही काढता आला नसेल."

"मग कोण बोललं?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मी तिथे नव्हतो," ते म्हणाले.

धाकटीच्या नवऱ्याला सासऱ्यांनी फोन केला होता. तो दिवेलागणीला आला, गळ्यात अजून पक्षाचा रुमाल. "आमच्या साहेबांचं भाषण चालू होतं," तो म्हणाला, "मधूनच उठता येईना." थोरलीने त्याला एक शब्द ऐकवला नाही. पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाली, "तिची गादी खाली माझ्या खोलीत आणायचीय. धरा जरा." पुढे कितीतरी महिने तो धाकटीशी बोलायला बसला की तिच्या उजव्या अंगाला बसायचा, जिकडचं तिला नीट दिसत नव्हतं.

निकालात छत्रीवाले आमच्या भागात थोडक्यात पडले. खापर थोरलीवर फुटलं. साहेब येतानाच बाई स्टेज सोडून गेली, गर्दी पांगली. शिडीवाले जिंकले तरी खूश नव्हते, कारण बॅनर फाडल्याचं त्यांना झोंबलं होतं. एकदा खिडकीवर दगडही आला, पण कोणाचा ते कळलं नाही. दोन्ही बाजूंना कारण होतं.

चिटणीस मात्र घरी आले. मी तेव्हा तिथेच होते, धाकटीला कांजी भरवत. ते म्हणाले, "ताई, झालं ते झालं. नुसतं एवढं जाहीर करा की शिडीवाल्यांनी तुमचा आवाज चोरून सभा उधळली. पक्ष तुम्हाला सन्मानाने परत घेईल."

"तसं झालं नाही," थोरली म्हणाली.

"मग काय झालं?"

"मला माहीत नाही."

"पक्षाने काय नाही दिलं तुम्हाला?" चिटणिसांचा आवाज चढला.

"दिलं हो. नाव दिलं, मान दिला. मी कधी नाही म्हटलं?" ती बहिणीच्या तोंडाला लागलेली कांजी पुसत होती. "पण तुम्ही एक बघा. हिच्याजवळ फोन होता. खिडकीपर्यंत सरपटली असती तर बॅनर हलला असता, रस्त्यावरच्या कोणी पाहिलं असतं. ही अर्धं अंग ओढत जिना उतरली. दाराला खिळे आहेत, पुढे कपाट आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी माझ्या दाराशी आली. आता याच्यापुढे तुमचं मी काय जाहीर करू?"

चिटणीस उठले. जाताना त्यांनी उघड्या जिन्याकडे एकदा पाहिलं आणि पाऊल उचललं.

धाकटीला पुन्हा बोलायला थोरलीनेच शिकवलं. रोज सकाळी समोर बसायची, ओठ हलवून दाखवायची. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायची, ती फार दामटायची. एक दिवस तिने हात जरा जास्तच ताणला आणि धाकटी म्हणाली, "बास."

आम्ही सगळे हसलो, टाळ्या वाजवल्या. थोरली हसत हसत स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी बघायला गेले तर ओट्याला धरून रडत होती. कारण तो आवाज तिचा नव्हता. जाड, खोल, चिरकलेला, आमच्यापैकी कोणाच्याच ओळखीचा नव्हता. थोरलीचा आवाज आता जगात तिच्या एकटीकडेच उरला होता.

थोरलीने माईक पुन्हा हातात धरला नाही. पण दोघींची मतं बदलली असं समजू नका. पुढच्या निवडणुकीला धाकटी चाकांच्या खुर्चीत, मागून थोरली ढकलतेय, अशा दोघी मतदानाला निघाल्या. आमच्या दारापाशी येईपर्यंत भांडण जुंपलेलं.

"शि...डी," धाकटी म्हणाली.

"तुला खड्ड्यात नेऊन सोडते बघ," थोरली म्हणाली आणि खुर्ची खड्डा चुकवून पुढे नेली.

जिन्याचं दार थोरलीने बिजागऱ्यांसकट काढून टाकलं आहे. तिला अजून एकच खोड आहे. गल्लीत कुठलीही सभा असो, भोंगा सुरू होण्याआधी जी करकर होते ती ऐकली की तिचे हात थांबतात. भाजी चिरत असेल तर सुरी तशीच वर. धाकटी तिच्याकडे बघत असते, तिचेही ओठ घट्ट मिटलेले. मग कोणातरी पुरुषाचा आवाज येतो, हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, आणि दोघी पुन्हा आपापल्या कामाला लागतात.